अडीच गुंठ्यांचं वेळापत्रक

१९४१ च्या सुरुवातीला लंडनमध्ये ‘द टाइम्स’च्या कचेरीत एका कांद्याची सोडत निघाली. कांदा दीड पौंडाचा, म्हणजे पाऊण किलोला थोडा कमीच. कर्मचाऱ्यांनी हौसेनं तिकिटं घेतली आणि चार पौंडांवर रक्कम जमली. कांद्यापायी सरकारं हलताना पाहिलेल्या मराठी वाचकाला यात फारसं नवल वाटणार नाही. पण ब्रिटनमध्ये कांद्याची ददात यापूर्वी कुणाला ठाऊक नव्हती. त्यांचा बराचसा कांदा फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरून आणि जवळच्या चॅनेल बेटांवरून येई. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, पाठोपाठ बेटंही जर्मनांकडे गेली आणि कांदा बाजारातून नाहीसाच झाला.

देशाचं निम्म्याहून अधिक अन्न बोटींनी येत होतं आणि बोटींच्या मागावर जर्मन पाणबुड्या होत्या. जहाजात जागा मिळालीच, तर ती दारूगोळ्याला आणि गव्हाला. कोबी-कांद्याला कोण देणार? म्हणून युद्ध पुकारल्यावर महिनाभरातच, ऑक्टोबर १९३९ मध्ये, शेतीमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून लोकांना हाती कुदळ घ्यायला सांगितलं. नागरिकांना कसायला आणखी पाच लाख तुकडे द्यायचे, असा बेत होता. ‘डिग फॉर व्हिक्टरी’ ही मोहीम ती हीच. टॉवर ऑफ लंडनच्या कोरड्या खंदकात भाज्या लागल्या. बॉम्बनं जमीनदोस्त झालेल्या घरांच्या जागी वाफे आले. हवाई हल्ल्यात लपायला परसात उभारलेल्या पत्र्याच्या ‘अँडरसन’ आसऱ्यावर बचावासाठी मातीचा थर द्यावाच लागे. त्या मातीतही लोकांनी भोपळ्याचे वेल चढवले.

असा एक तुकडा साधारण ९० फूट लांब, ३० फूट रुंद असे. २,७०० चौरस फूट, म्हणजे आपले जवळजवळ अडीच गुंठे. त्यात एका कुटुंबाची वर्षभराची भाजी कशी काढायची, याचा आराखडाच सरकारनं पत्रकात छापून वाटला. जोडीला बीबीसीवर रविवारी दुपारी सी. एच. मिडलटन बोलत. ते माळ्याचे चिरंजीव. उपदेशाचा आव न आणता, कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात तसं सांगत. शहरात वाढलेल्या, कधी फावडं न धरलेल्या माणसाला पोस्टरपेक्षा या गप्पांचाच उपयोग जास्त झाला असावा.

उत्साह उदंड होता. चुकत होतं ते वेळापत्रक. नवशिके हौसेनं सगळं एकदमच पेरत. उन्हाळ्यात लेट्यूस आणि शेंगांचा असा पूर येई की शेजारीही नको म्हणत, आणि ऐन हिवाळ्यात वाफे रिकामे. त्यामुळे पत्रकांचा सगळा रोख पुढे हिवाळ्याच्या भाजीवर आला: केल, लीक, साठवणीचे कांदे-गाजरं. त्यांची पेरणी कित्येक महिने आधी, बाजारात भाजी मुबलक असतानाच करावी लागते. हे पटवणं खणायला लावण्याहून अवघड होतं.

युद्धाच्या मध्यापर्यंत तुकड्यांची संख्या आठ लाखांवरून चौदा लाखांच्या आसपास गेली. तरी या बागांनी ब्रिटनचं पोट भरलं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पोट भरलं ते नांगराखाली आणलेल्या कुरणांनी आणि अटलांटिक ओलांडून आलेल्या गव्हानं. परसबागेनं दिली ती ताजी भाजी आणि बटाटे. संत्री दिसेनाशी झाल्यावर ‘क’ जीवनसत्त्वासाठी त्यांचाच मोठा आधार होता.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या गच्च्यांवर वेळापत्रकाची हीच गफलत दिसली, फक्त ऋतू उलटा. २५ मार्चला सगळं बंद झालं. रोपवाटिकाही बंद, तेव्हा अनेकांनी मिसळणाच्या डब्यातले मेथ्या-धणे काढून कुंड्यांत टाकले. कल्पना नामी. धणे रगडून दोन फाकी करून पेरले की आठ-दहा दिवसांत वर येतात, मेथी तर त्याहून लवकर. पण या दोन्ही थंडीच्या भाज्या. एप्रिलच्या उन्हात पानं धरण्याआधीच त्या फुलावर येतात, आणि मग ‘आपल्या हाताला गुण नाही’ असं म्हणून कुंडी कोपऱ्यात जाते.

दोष हाताचा नाही. उन्हाळ्यात माठ, राजगिरा आणि चवळीची पालेभाजी लावावी. ती उकाडा सोसते आणि महिन्याभरात खुडायला येते. पावसाच्या तोंडावर भेंडी, गवार, दोडका. दसऱ्यानंतर मेथी, पालक, कोथिंबीर. गच्चीवर नुसती माती भरू नये. भिजली की जड होते आणि स्लॅबवर भार येतो. पालापाचोळा, नारळाची सोडणं आणि ओल्या कचऱ्याचं कुजलेलं खत निम्म्याहून जास्त घालावं. पाच-सहा तास ऊन हवंच. ते नसेल तर फळभाजीचा नाद सोडून पालेभाजीवर समाधान मानावं. आणि एक क्रेट मेथी पेरली की पुढची लगेच पेरू नये, दहा-बारा दिवस थांबून पेरावी. नाहीतर एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढचे तीन आठवडे पुन्हा मंडईची पिशवी.