आधी वाट बघा, मग गाडी
लेखमाला : आखाड्यावरची वाहने – लेखांक ४

मागच्या लेखांकात आपण छोट्या ट्रॅक्टरचा विचार केला. या आठवड्यात बॅटरीवर चालणारी चारचाकी, म्हणजे गोल्फ कार्ट. अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यात मोसंबी राखणाऱ्या घरांच्या दोन गरजा बहुधा सारख्याच असतात. गुडघे धरलेल्या आई-वडिलांना आखाड्यावरून बागेत फेरी मारायची असते, आणि मजुरांचे डबे, पाण्याचे जार, दोन-चार कॅरेट माल इकडून तिकडे न्यायचा असतो. एवढ्यासाठी ट्रॅक्टर काढणे परवडत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला ढेकळांतून दुचाकीवर नेणे धोक्याचे. या कामाला ही गाडी खरोखर उपयोगी पडते. पण दुकानात जाण्याआधी तीन गोष्टी घरीच तपासाव्यात.

वाट कोणाची?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या व्याख्येतून फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास वाहने वगळली आहेत. गोल्फ कार्ट याच सवलतीवर चालते. आखाडा, गोठा, विहीर आणि बाग एकाच कुंपणात असेल तर पुढचा विचार करा. मधे पाणंद किंवा गावरस्ता लागत असेल तर ती जागा सार्वजनिक. तिथे नोंदणी आणि विमा नसलेल्या गाडीचा अपघात झाला तर सगळा भार मालकावर येतो. अशा घराने गोल्फ कार्टचा नाद सोडावा आणि खासगी वापरासाठी नोंद होणारी मालवाहू ई-तीनचाकी आरटीओत विचारून घ्यावी. ई-रिक्षा हा त्यावरचा उपाय नव्हे. कायद्यातली ई-रिक्षा ४,००० वॅटपर्यंतची आणि भाड्याच्या वाहतुकीसाठीच आहे.

वाट कशी?

मूळ गोल्फ कार्ट हिरवळीवर फिरण्यासाठी बनलेली. तिचे टायर जवळपास गुळगुळीत, पोट जमिनीपासून जेमतेम चार-पाच इंच वर. आपल्या काळ्या रानात मृगाचा एक पाऊस पडला की ती रुतणारच. त्यामुळे उंच केलेली, खोल नक्षीच्या टायरची गाडी मागा, आणि मुख्य वाटेवर आधी मुरूम टाका. गाडीवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा हा मुरूम जास्त वर्षे उपयोगी पडतो.

मोसंबी साधारण ६ बाय ६ मीटरवर लावतात. झाडाचा घेर साडेचार मीटरवर गेला की ओळीत दीड मीटरच वाट उरते. कार्टची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे दोन आसने आणि मागे छोटा हौदा असलेली आखूड गाडी निभावते. सहा आसनी लांब गाडीला ओळीच्या टोकाला वळता येत नाही. छत काढता येणारे असावे, नाहीतर फांद्या घासून फळे झडतात. ठिबकच्या नळ्या ज्या ओळीत वाट ओलांडतात, तिथे त्या आधी जमिनीखाली घ्या.

बॅटरी कोणती?

निम्मा निर्णय इथे होतो. समजा गाडी ४८ व्होल्टची आणि बॅटरी १५० अँपिअर-अवरची आहे. दोन्हींचा गुणाकार ७,२०० वॅट-तास, म्हणजे ७.२ युनिट. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करत गेलात तर ती लवकर संपते, म्हणून त्यातले साडेतीन युनिटच आपले. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीतून ऐंशी टक्क्यांपर्यंत काढता येते. पक्क्या सपाट वाटेवर किलोमीटरला अंदाजे १०० वॅट-तास धरा, मऊ रानात दुप्पट. म्हणजे शिसे-आम्लावर रानातले अंतर सतरा-अठरा किलोमीटर, लिथियमवर अठ्ठावीसच्या आसपास. आखाड्यावरच्या रोजच्या फेऱ्यांना दोन्ही पुरतात. म्हणून अंतराच्या जाहिरातीला भुलू नका.

खरा फरक उन्हाचा आहे. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तापमान दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. शिवाय तिच्यात डिस्टिल्ड वॉटर भरत राहावे लागते, आणि विहिरीचे क्षाराचे पाणी घातले तर ती खराब होते. ज्या घरात ही देखभाल नेमाने करणारा माणूस नाही, त्याने जास्त पैसे देऊन लिथियमच घ्यावी. बॅटरी कुठलीही असो, गाडी पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये न ठेवता झाडाच्या किंवा स्लॅबच्या सावलीत ठेवावी.

घेताना काय बघाल?

हॉटेल किंवा रिसॉर्टने काढलेल्या जुन्या गाड्या स्वस्त मिळतात. त्यांच्या बॅटरीवरची निर्मितीची तारीख वाचा. चार वर्षांपलीकडची शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर नव्या संचाची किंमत गाडीच्या किमतीत मिळवूनच सौदा करा. बऱ्याच गाड्यांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. तुमच्या विहिरीकडे उतार असेल तर माणसे बसवून आणि मागे कॅरेट भरून त्याच उतारावर गाडी थांबवून पाहा. चाचणी तुमच्या रानात द्यायला विक्रेता तयार नसेल तर व्यवहार करू नका. दुरुस्तीचा मिस्त्री आणि सुटे भाग जालन्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात मिळतात का, हेही पैसे देण्याआधी विचारा.

माझे मत सरळ आहे. सलग कुंपणाची बाग, मुरमाची वाट आणि घरात चालायला त्रास होणारे माणूस, या तिन्ही गोष्टी असतील तर दोन आसनी, हौद्याची, उंच लिथियम गाडी घ्या. पहिली गोष्ट नसेल तर घेऊच नका. ज्या बापाने ही झाडे लावली, त्याला ती रोज बघता यावीत यासाठीचा खर्च मला चैन वाटत नाही, पण तो विचारपूर्वक व्हावा.

पुढील लेखांक : आखाड्यावर चार्जिंग – घरची वीज, शेतीची वीज आणि सौर पॅनेल.