पति कोणता?

वेताळपंचविशींतील सहावी गोष्ट आमच्या पुष्कळ वाचकांनीं लहानपणीं घरांतील वडील मंडळींच्या तोंडून ऐकली असेल. अकराव्या शतकांत काश्मिरांत सोमदेवभट्टानें रचिलेल्या 'कथासरित्सागरां'त ती अशी आहे: धवल नांवाचा रजक पत्नी मदनसुंदरी व मेहुणा यांसह सासुरवाडीस निघाला असतां वाटेंतील गौरीच्या देवळांत एकटाच शिरतो, आणि देवीपुढें रित्या हातानें कसें जावें म्हणून आपलेंच मस्तक तिला वाहतो. शोधावयास गेलेला मेहुणाही तेंच करितो. मदनसुंदरी गळफांस लावून घेणार तोंच देवी प्रसन्न होते. पण शिरें धडांस जोडतांना घाईंत अदलाबदल होते. आतां पति कोणता? सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ, म्हणून ज्यास पतीचें शिर तोच पति, असें राजा सांगतो. त्याचें मौन सुटतें, वेताळ निसटतो व गोष्ट संपते.

पण धड तर सख्ख्या भावाचें! त्याच्याशीं मदनसुंदरीनें संसार कसा करावा, याचा सोमदेव उच्चारही करीत नाहीं. तिला कोणी विचारीतही नाहीं.

गिरीश कर्नाड यांच्या १९७१ मधील 'हयवदन' या कन्नड नाटकाचें खरें कथानक या निकालानंतर सुरू होतें. मध्यें टॉमस मान या जर्मन ग्रंथकाराची १९४० ची दीर्घकथा आहे; कर्नाडांचें तिच्याकडील ऋण मोठें आहे. विजया मेहता यांनीं हें नाटक मराठी रंगभूमीवरही आणिलें. येथें मेहुण्याच्या जागीं मित्र आहे. देवदत्त हा विद्वान् ब्राह्मणाचा कविमनाचा मुलगा, कपिल हा लोहाराचा बळकट पोर. आणि देवदत्ताची पत्नी पद्मिनी हिचें लक्ष कपिलाच्या देहाकडे आधींच ओढलेलें. त्यामुळें शिरांची अदलाबदल केवळ घाईनें झाली असें म्हणवत नाहीं. (जांभया देणारी नाटकांतील काली तर तिला सरळ टोमणाच मारते.)

पुढें एक ऋषीही राजासारखाच निकाल देतो. पद्मिनी हर्षभरित होते: पतीची बुद्धि आणि कपिलाचे बाहु एकत्रच लाभले! परंतु देवदत्ताच्या शिराखालीं तें पिळदार शरीर हळूहळू मऊ पडतें, आणि रानांत निघून गेलेला कपिल मिळालेल्या नाजूक देहास राबवून टणक करितो. म्हणजे शिर श्रेष्ठ हा जुना निकाल नाटककार खोटा पाडीत नाहीं. तो अक्षरशः खरा होतो, आणि त्यांतच पद्मिनीचा संसार बुडतो. मूल घेऊन ती कपिलाकडे रानांत जाते, तेव्हां तो सांगतो कीं, देह जिंकला तरी ह्या हातांना परक्या स्पर्शांच्या आठवणी येत राहिल्या. हा प्रसंग आम्हांस सर्व नाटकांत श्रेष्ठ वाटतो.

शेवट मात्र आम्हांस पटत नाहीं. दोघे मित्र एकमेकांस मारून मरतात व पद्मिनी सती जाते. जिनें इतक्या धिटाईनें आपली इच्छा बोलून दाखविली, तिला चितेवर चढवून नाटककारानें स्वतःचीच सुटका करून घेतली.

मूल मागें उरतें. पांच वर्षांचें झालें तरी तें हंसत नाहीं, बोलत नाहीं. दोन बाहुल्या उराशीं धरून बसतें. मनुष्याचें धड व घोड्याचें तोंड असलेला हयवदन पूर्णत्व मागावयास गेलेला असतो, तो पूर्ण घोडा होऊन परततो. त्याला पाहून तें मूल प्रथमच हंसतें.