दिलाशाच्या पलीकडे: चिंताविकार आणि स्वमदत गट

परीक्षा, आजारपण, कर्जाचा हप्ता किंवा घरातले लग्नकार्य अशा प्रसंगी जिवाला काळजी लागणे स्वाभाविक असते आणि प्रसंग निभावला की ती बहुधा ओसरते. परंतु निमित्त क्षुल्लक असूनही जी काळजी आवरत नाही आणि झोप, भूक, कामकाज व नातेसंबंध पोखरू लागते, तिला मानसोपचारशास्त्र चिंताविकार म्हणते. अनेक विषयांची अनिवार काळजी किमान सहा महिने बहुतेक दिवस टिकून राहिली, तर त्या अवस्थेला सार्वत्रिक चिंताविकार ही संज्ञा आहे. काहींना भीतीचे अचानक झटके येतात, ज्यांना पॅनिक अटॅक म्हणतात, तर काहींना चारचौघांत बोलण्याचीच धास्ती वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 साली जगातील सुमारे 30 कोटी लोकांना चिंताविकार होता आणि उपचारांची गरज असलेल्या दर चार व्यक्तींपैकी जेमतेम एकीलाच ते मिळतात. भारतात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता वाट्याला येत नसल्याने ही दरी अधिकच जाणवते, आणि म्हणूनच समदुःखी माणसांनी ठरावीक दिवशी एकत्र बसून परस्परांना सावरण्याच्या पद्धतीकडे, म्हणजे स्वमदत गटांकडे, गांभीर्याने पाहिले पाहिजे.

चिंताविकाराचे एक वैशिष्ट्य असे की तो माणसाला एकटे पाडतो. छातीत धडधडते, हातपाय गार पडतात, पोटात गोळा येतो. ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या मात्र निर्दोष येतात, आणि मग ‘तुला काही झालेले नाही’, ‘उगाच मनाला लावून घेऊ नकोस’ असे सल्ले घरातून सुरू होतात. ते प्रेमापोटी दिलेले असले तरी आपला त्रास खोटा ठरवला जातो आहे असे त्या व्यक्तीला वाटते, ती बोलणे थांबवते, आणि ज्या ठिकाणी त्रास होईल अशी शंका येते ती ठिकाणेही हळूहळू टाळू लागते. टाळल्याने तात्पुरते हायसे वाटते, पण भीती खरी होती की नाही हे पडताळण्याची संधी हुकते, आणि त्यामुळेच ती पुढच्या वेळी अधिक बळकट होऊन परतते.

या कोंडीवर गट पहिला घाव घालतो तो अनुभवाच्या समानतेने. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आयर्विन यालोम यांनी समूह-मानसोपचारावरील 1970 सालच्या आपल्या ग्रंथात गटातून लाभ का होतो याचे घटक मांडले, त्यांत ‘हे माझ्या एकट्याचेच दुखणे नाही’ या प्रत्ययाला आणि सुधारलेल्या सदस्यांना पाहून जागणाऱ्या आशेला महत्त्वाचे स्थान दिले. डॉक्टरांनी शंभरदा सांगूनही जे पटत नाही, ते त्याच वाटेने गेलेल्या माणसाला समोर हसता-बोलताना पाहून पटते. समूह-मानसोपचार मात्र प्रशिक्षित तज्ज्ञ चालवतो, तर स्वमदत गटाची सूत्रे सदस्यांच्याच हाती असतात, हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

अशा गटांचे एक बोलके उदाहरण शिकागो शहरात सापडते. तेथे डॉ. अब्राहम लो या मनोविकारतज्ज्ञाने 1937 साली आपल्या माजी रुग्णांना घेऊन ‘रिकव्हरी’ ही संस्था सुरू केली, आणि त्यांच्या हयातीतच तिच्या सभा तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित सदस्य चालवू लागले. या सभांत आयुष्यभराची दुःखे उगाळली जात नाहीत, तर रोजच्या जगण्यातला एखादा साधा प्रसंग चार टप्प्यांत मांडला जातो. समजा, एखाद्या सदस्येचा मुलगा संध्याकाळी वेळेवर घरी आला नाही आणि फोनही उचलेना. प्रथम ती एवढीच घटना सांगते. मग घशाला कोरड पडली, हात कापू लागले, डोळ्यांपुढे अपघाताचे चित्र आले, अशी लक्षणे नोंदवते. त्यानंतर ही लक्षणे त्रासदायक असली तरी जिवावर बेतणारी नाहीत हे कसे ओळखले आणि पुन्हा फोन न लावता हातातली भाजी कशी निवडत राहिली, ते सांगते. शेवटी, पूर्वी अशाच प्रसंगी आपण दहा जणांना फोन करून रस्त्यावर जाऊन उभे राहिलो असतो, अशी तुलना करते. मुलगा सुखरूप आला की नाही यापेक्षा तिने अनिश्चितता किती काळ सोसली याला येथे मोल असते, आणि त्या प्रयत्नाबद्दल स्वतःला शाबासकी देणे हाही पद्धतीचाच भाग असतो.

या रचनेतून चिंतेसंबंधी एक मर्माची गोष्ट उघड होते. चिंताग्रस्त व्यक्ती दिलासा मागत राहते, ‘काही होणार नाही ना?’ असे पुनःपुन्हा विचारते, आणि उत्तर मिळाले की घटकाभर शांत होऊन तोच प्रश्न नव्याने विचारते. म्हणजे वारंवार दिलेला दिलासा हे चिंतेला घातलेले खतपाणीच ठरते. जो गट केवळ दिलासा देतो, किंवा जेथे एकमेकांच्या लक्षणांची वर्णने ऐकून सदस्य नवी भीती घेऊन घरी जातात, तो गट सद्हेतू असूनही विकार जोपासतो. उलट, ज्या गटात त्रास मान्य करूनही टाळलेल्या कामाकडे वळण्याचे बळ दिले जाते आणि या आठवड्यात बसने एक थांबा जाऊन येण्यासारखे छोटे पाऊल ठरवून पुढच्या बैठकीत त्याची विचारपूस होते, तो खऱ्या अर्थाने आधार देतो.

आधार देणाऱ्याचेही भले होते, हे गटाचे आणखी एक बलस्थान आहे. समाजशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी 1965 साली मांडले की मदत करण्याच्या कृतीतून मदत करणाऱ्यालाच उपचारासारखा लाभ होतो. वर्षानुवर्षे घरच्यांवर भार झाल्याच्या भावनेने खचलेल्या व्यक्तीला आपल्या अनुभवाचा कोणाला तरी उपयोग झाला असे कळले की तिचे स्वतःविषयीचे मत बदलू लागते. हे औषधाच्या गोळीने साधत नाही.

तरीही गट म्हणजे उपचारांना पर्याय नव्हे. संशोधनाचा भक्कम आधार आहे तो विचार आणि वर्तन यांत पद्धतशीर बदल घडवणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराला आणि काही औषधांना. तज्ज्ञाविना चालणाऱ्या गटांविषयीचा पुरावा त्या मानाने तोकडा आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या 2011 सालच्या मार्गदर्शक सूचनांत सार्वत्रिक चिंताविकारासाठी सुचवलेल्या पहिल्या काही उपायांत मानसशिक्षण गटांचा समावेश आहे, पण तेथेही प्रशिक्षित व्यक्ती, सुमारे बारा सहभागी आणि दर आठवड्याला दोन तासांची अशी सहा सत्रे, असा आराखडा आहे. थायरॉइड ग्रंथीच्या अतिकार्यामुळेही चिंतेसारखी लक्षणे दिसतात, त्यामुळे आधी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी; औषधांच्या मात्रेविषयी गटात सल्ले देऊ नयेत, कारण झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या एकाएकी बंद करणे धोक्याचे असते; आणि जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली तर बैठकीची वाट न पाहता डॉक्टरांकडे किंवा केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकाकडे वळले पाहिजे.

महाराष्ट्राला ही वाट अनोळखी नाही. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनातून बाहेर पडलेल्यांना इतरांच्या मदतीला उभे केले, तर पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांनी रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला शुभंकर मानून दोघांनाही एका मांडवाखाली आणले. चिंताविकारासाठीही वाचनालयाची खोली, ठरलेला वार, दहा-बारा माणसे, येथे बोललेले बाहेर न नेण्याचा कडक नियम आणि अधूनमधून मार्गदर्शन करणारा एखादा तज्ज्ञ, एवढ्या सामग्रीवर काम सुरू होऊ शकते. मात्र गटाचे यश बैठकीला किती जण जमले किंवा किती जण मोकळेपणाने रडले यावर मोजू नये. सुटलेली नोकरी, टाळलेला प्रवास, तुटलेली मैत्री यांकडे सदस्य पुन्हा वळू लागले की नाही, यावरच ते मोजले पाहिजे, कारण गटावाचून जगता येण्याची तयारी करून देणे हेच गटाचे खरे काम आहे.