कर्मवीर अण्णा आणि वहिनी

शाळा कोण चालवतो? गुरुजी चालवतात, असे तुम्ही म्हणाल. गुरुजी शिकवतात हे खरे. पण गुरुजींचा पगार, पोरांच्या डोक्यावरचं छप्पर, त्यांच्या पोटाला भाकरी, हे सारं कुणीतरी पाहावं लागतं. त्या माणसाला संस्थाचालक म्हणतात. अशा एका संस्थाचालकाची हकीगत आम्ही सांगतो.

त्यांचे नाव भाऊराव पाटील. जन्म १८८७ सालचा, कोल्हापूरकडच्या कुंभोज गावचा. त्यांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकपर्यंतही झालं नाही. आम्हां मॅट्रिकवाल्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तरुणपणी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवीत गावोगाव हिंडले. कुणब्याच्या घरात काय आहे नि काय नाही, हे त्यांना तिथे कळले. पोरगं हुशार, पण गावात शाळा नाही, आणि शहरात ठेवायचे तर खायला कोण घालणार?

१९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. वसतिगृह म्हणजे परगावच्या पोरांनी राहून शिकण्याची जागा. तिथे सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती बरं का! १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले.

आता खर्चाचे पाहा. पोरं शेतात राबत, स्वयंपाक करीत, झाडलोट करीत. श्रीमंताचा पोरगा असो की गरिबाचा, काम कुणाला चुकत नसे. कमवा आणि शिका, असा तो रिवाज. तरी धान्य पुरेना. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पोरं त्यांना वहिनी म्हणत आणि भाऊरावांना अण्णा. वहिनींनी एकेक दागिना मोडून पोरांना जेवू घातले. एके दिवशी घरात दाणा उरला नाही. दागिनेही संपले होते. तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले. आमच्या मते या संस्थेचा अर्धा पाया वहिनींचा आहे. १९३० साली त्या वारल्या. संस्थेला पुढे आलेले मोठे दिवस त्यांना दिसले नाहीत.

अण्णा थांबले नाहीत. खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. मास्तर तयार करायला अध्यापक विद्यालय निघाले. १९४७ साली साताऱ्यास शिवाजी कॉलेज निघाले. १९४८ साली सरकारने अनुदान, म्हणजे शाळेला मिळणारी मदत, बंद केली. मदत थांबली म्हणजे मास्तरांचे पगार कुठून द्यायचे? आम्ही हेडमास्तरकी केली आहे, पहिल्या तारखेची ती काळजी आम्हांला माहीत आहे. अण्णा लोकांकडे गेले. लोकांनी दिले. पुढे अनुदानही पुन्हा सुरू झाले.

९ मे १९५९ रोजी अण्णा वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण किताब मिळाला होता. संस्थेचे मुख्य कार्यालय आजही साताऱ्यासच आहे, आणि तिच्या शाळा शेकड्यांनी मोजाव्या लागतात.