कपाट आहे, ग्रंथपाल कुठे?

लेखमाला : आपली शाळा, आपली जबाबदारी (भाग 6)

समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला 5,000 रुपयांपर्यंत तरतूद आहे, हे मागच्या भागात पाहिलं. आता त्यापुढचा प्रश्न : शाळेत आलेलं पुस्तक मुलाच्या हाती देणार कोण?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट म्हटलं आहे. ग्रंथपालाचा मात्र तिथे उल्लेखच नाही. माध्यमिक शाळेत पटसंख्येनुसार ग्रंथपालाचं पद मिळतं. पहिली ते चौथीच्या जिल्हा परिषद शाळेत ते नसतं. त्याच अनुसूचीप्रमाणे 60 पटापर्यंत शिक्षक दोन. भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एखाद्या लहान गावात चार वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती त्या दोघांनीच सांभाळायची. ग्रंथालयाचा कार्यभारही त्यांच्यापैकीच एकाकडे. पुस्तक हरवलं तर जाब त्यांनाच द्यावा लागणार. मग कपाटाला कुलूप लागतं. दोष गुरुजींचा नाही, व्यवस्थेचा आहे.

ग्रंथपाल असला तर काय होतं? दुसरीतला मुलगा, घरी अहिराणी बोलणारा, येऊन म्हणतो, ‘‘माले वाघनी गोष्ट दे.’’ जाणता ग्रंथपाल त्याची भाषा सुधारत बसत नाही. बारीक अक्षरांचं जाड पुस्तक बाजूला ठेवून तो पानभर चित्र आणि खाली दोनच ओळी असलेलं पुस्तक काढतो. पहिली दोन पानं वाचून दाखवतो आणि विचारतो, ‘‘आते काय व्हई?’’ उत्तर शोधायला मुलगा स्वतःच पान उलटतो. कोणतं पुस्तक नेलं, किती जमलं, याची नोंद वहीत राहते. पुढच्या वेळी त्याला जरा वरच्या पायरीचं पुस्तक मिळतं.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दोन नेमकी हीच आहेत : वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि पुस्तकाला त्याचा वाचक. ही गाठ घालून द्यायला मुलांना ओळखणारा माणूसच लागतो.

प्रत्येक लहान शाळेत पूर्णवेळ पद शक्य नाही, हे मान्य. पण शाळांची केंद्रं, म्हणजे जवळच्या शाळांचे गट, आधीपासून आहेतच. प्रत्येक केंद्राला एक ग्रंथपाल द्यावा. त्याने पुस्तकांच्या पेट्या घेऊन पंधरवड्यातून एकदा तरी प्रत्येक शाळेत जावं, पुस्तकांची अदलाबदल करावी आणि मुलांसोबत बसून वाचावं. हाताळून फाटलेल्या पुस्तकाची भरपाई शिक्षकाकडून घेऊ नये, असा स्पष्ट आदेशही निघावा. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. या दोन्ही मागण्यांचा ठराव त्यांनी येत्या बैठकीतच मांडावा. वाचायची सवय याच वयात लागते. माध्यमिक शाळेत ग्रंथपाल भेटेपर्यंत पहिली ते चौथीची वर्षं हातची गेलेली असतात.

(पुढील भागात : पहिली-दुसरीच्या मुलांसाठी पुस्तकं कशी निवडावीत?)