केशपुटक : त्वचेचे पुनर्जनन आणि नैसर्गिक उपचारांची कसोटी

टकलावर केस आणणारे तेल आणि भाजल्याचा डाग नाहीसा करणारा लेप यांचा शोध मनुष्य फार प्राचीन काळापासून घेत आला आहे. आज वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र यांचे पदव्युत्तर विद्यार्थीही प्रबंधासाठी हा विषय निवडतात. एखाद्या वनस्पतीचा अर्क काढावयाचा, तो उंदराच्या पाठीवर लावावयाचा आणि केस किती दिवसांत येतात ते पाहावयाचे, अशी या कामाची रूढ पद्धत आहे. केस येतात, निष्कर्ष अनुकूल निघतो आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वस्तुतः येथे तीन भिन्न घटना एकाच नावाखाली एकत्र केल्या जातात : असलेला केस टिकणे, विश्रांती घेत असलेल्या मुळातून केस पुन्हा येणे, आणि मूळच नष्ट झालेल्या जागी नवे मूळ निर्माण होणे. या तिन्हींतील अंतर स्पष्ट करणे आणि त्याच्या आधारे उपचारांची परीक्षा कशी करावी याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केशपुटकाची रचना व आवर्तन

त्वचेबाहेर दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा मृत तंतू होय. त्याचे जिवंत मूळ केशपुटकात असते. बाह्यत्वचा नळीसारखी खाली अंतस्त्वचेत उतरून केशपुटक बनते. या नळीच्या तळाशी अंतस्त्वचेतील कोशिकांचा एक लहानसा पुंज असतो. त्यास अंकुरक म्हणतात. अंकुरकाकडून येणाऱ्या रासायनिक संकेतांनुसार त्याच्या भोवतीच्या कोशिकांचे विभाजन होते आणि केस घडत जातो. मानवी शरीरावर सुमारे ५० लक्ष केशपुटके असून त्यांपैकी सुमारे १ लक्ष डोक्यावर असतात. ही सर्व गर्भावस्थेतच तयार होतात. जन्मानंतर त्यांत सामान्यतः भर पडत नाही.

प्रत्येक केशपुटक ठराविक आवर्तनातून जाते. डोक्यावरील केसांचा वृद्धिकाल २ ते ६ वर्षे, संकोचकाल २ ते ३ आठवडे आणि विश्रांतिकाल सुमारे ३ महिने असतो. विश्रांतिकालाच्या अखेरीस जुना केस गळतो व त्याच पुटकातून नवा येऊ लागतो. रोज ५० ते १०० केस गळणे म्हणूनच स्वाभाविक आहे. हे आवर्तन पुन्हा सुरू कसे होते, यावर १९९० मध्ये कॉट्सारेलिस, सुन व लॅव्हकर यांच्या कामाने मोठा प्रकाश पडला. पुटकाच्या वरच्या भागातील एका फुगवट्यात अतिशय मंद गतीने विभागणाऱ्या कोशिका असतात, असे त्यांना उंदरांत आढळले. याच केसाच्या मूलकोशिका होत.

अंकुरकाचे महत्त्व त्यापूर्वीच सिद्ध झाले होते. १९६० नंतरच्या दशकात ऑलिव्हर यांनी उंदराच्या मिशांवर प्रयोग केले. पुटकाचा तळ कापून टाकला तरी कापलेला भाग एक-तृतीयांशाहून कमी असल्यास अंकुरक पुन्हा तयार होतो व मिशी येते; त्याहून अधिक भाग गेल्यास येत नाही. पुढे १९८४ मध्ये जहोडा, हॉर्न व ऑलिव्हर यांनी काचपात्रात वाढविलेल्या अंकुरक-कोशिका अशा निष्क्रिय पुटकात घालून केसांची वाढ पुन्हा सुरू करून दाखविली. मनुष्याच्या बाबतीत मात्र अडचण अशी की, काचपात्रात वाढविताना या कोशिका आपली प्रेरक शक्ती गमावतात. त्या पसरट थराऐवजी गोलकांच्या रूपात वाढविल्यास ही शक्ती काही अंशी परत मिळते, असे २०१३ मध्ये आढळून आले.

केस गळण्याचे तीन प्रकार

मूळ जिवंत आहे काय, हा प्रश्न रोगनिदानातही प्रथम विचारावा लागतो. तीव्र ज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांनंतर पुष्कळशी पुटके एकाच वेळी विश्रांतिकालात जातात आणि २ ते ३ महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागतात. येथे एकही मूळ नष्ट झालेले नसते व कारण दूर झाल्यावर काही महिन्यांत केस आपोआप पूर्ववत होतात. रोगी मात्र केस गळू लागल्यावर तेल लावू लागतो आणि सुधारणा त्याच सुमारास होत असल्याने तिचे श्रेय तेलास मिळते. औषधाचा लौकिक या मार्गाने किती सहज वाढू शकतो, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

दुसरा प्रकार चाईचा. यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पुटकांवर हल्ला करते. परंतु मूलकोशिका सहसा वाचतात. त्यामुळे लहान चट्टे अनेकदा आपोआप भरून येतात, आणि हा हल्ला रोखणारे बॅरिसिटिनिब हे औषध २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी अमेरिकेत संमत झाले. या व्याधीचा विचार आयुर्वेदात फार पूर्वी झाला होता. वाग्भटाने इंद्रलुप्त व खलती यांत भेद करताना खलतीत केस क्रमाक्रमाने गळतात असे म्हटले आहे, आणि सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्तासाठी त्वचेवर सूक्ष्म छेद घेऊन गुंजेचा लेप लावण्यास सांगितले आहे. गुंज विषारी असल्याने हा प्रयोग घरी करण्याचा नव्हे. परंतु त्वचेचे बुद्धिपुरस्सर प्रक्षोभण करून केस आणण्याची कल्पना आधुनिक त्वचारोगशास्त्रातही आहे, हे लक्षणीय आहे.

तिसरा प्रकार पुरुषी टकलाचा. १९४२ मध्ये हॅमिल्टन यांनी दाखविले की, वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही. पण आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना पुरुषी संप्रेरक दिल्यास ते पडते. येथे पुटके प्रत्येक आवर्तनागणिक लहान होत जातात व अखेरीस केवळ लव उरते. २०११ मध्ये गार्झा व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, टकलाच्या त्वचेतही मूलकोशिका शिल्लक असतात. मात्र त्यांच्यापासून निर्माण होणाऱ्या पुढच्या टप्प्यातील कोशिका फार कमी झालेल्या असतात. मिनॉक्सिडिल (अमेरिकेत १९८८ पासून) व फिनास्टेराइड (१९९७ पासून) यांचा उपयोग का होतो आणि तो अपुरा का पडतो, हे यावरून समजते. ती कृश झालेल्या मुळास आधार देतात, नवे मूळ घडवीत नाहीत.

जखम भरणे व पुनर्जनन

केशपुटकाचा संबंध केवळ केसाशी नाही. उथळ भाजल्यावर बाह्यत्वचा जळून जाते, पण अंतस्त्वचेत पुटकांचे खालचे भाग जिवंत राहतात. त्यांच्या तोंडातून कोशिका बाहेर पडून पसरतात आणि अनेक बेटे एकमेकांस मिळावीत तशी जखम झाकली जाते. भाजणे खोल असल्यास पुटके जळून जातात. मग कोशिकांना केवळ कडेकडून सरकत यावे लागते, आणि त्या अवधीत मध्यभाग तंतुमय ऊतकाने भरून व्रण तयार होतो. व्रणावर केस नसतात, घर्मग्रंथी नसतात. शरीराने तेथे दुरुस्ती केलेली असते, पुनर्जनन नव्हे.

प्रयोगशाळेत वाढविलेल्या त्वचेचाही हाच अनुभव आहे. १९७५ मध्ये ऱ्हाइनवाल्ड व ग्रीन यांनी मानवी बाह्यत्वचेच्या कोशिका वाढविण्याची पद्धत शोधली, आणि पुढील दशकात अशा त्वचेच्या पट्ट्यांनी फार मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या मुलांचे प्राण वाचविले. पण त्या त्वचेस केस किंवा घर्मग्रंथी आल्या नाहीत. घामावाचून शरीराची उष्णता बाहेर टाकणे कठीण जाते. म्हणून पुटके व ग्रंथी नव्याने घडविणे हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही.

प्रौढ सस्तन प्राण्यात नवे पुटक निर्माण होणे सर्वथा अशक्य आहे काय? १९५४ मध्ये ब्रीडिस यांनी सशांच्या व्रणांत नवी पुटके आढळल्याचे प्रसिद्ध केले व १९५६ मध्ये बिलिंगहॅम व रसेल यांनी त्यास पुष्टी दिली. हा विषय नंतर बराच काळ मागे पडला. २००७ मध्ये इटो, कॉट्सारेलिस व सहकाऱ्यांनी उंदरांत दाखविले की, जखम पुरेशी मोठी असल्यास तिच्या मध्यभागी नवी पुटके तयार होतात. त्यांतून येणारे केस बहुधा रंगहीन असतात. २०१२ मध्ये सायफर्ट व सहकाऱ्यांनी आफ्रिकेतील काटेरी उंदरांचे वर्णन केले. त्यांची कातडी सहज सुटून येते, आणि पाठीवरील पुष्कळशी त्वचा गेली तरी ती पुटकांसह पुन्हा तयार होते. मनुष्यात अशी क्षमता अद्याप दाखविता आलेली नाही. परंतु सस्तन प्राण्यांत ती मुळीच नाही, असे आता म्हणता येणार नाही.

नैसर्गिक उपचारांची परीक्षा

या पार्श्वभूमीवर नैसर्गिक उपचारांकडे पाहू. खोबरेल तेलाविषयी मुंबईतील संशोधकांनी २००३ मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यात हे तेल केसाच्या तंतूतून होणारी प्रथिनांची हानी कमी करते असे दिसून आले. हा गुण खरा आहे. पण तो मृत तंतूच्या रक्षणाचा आहे, मुळाशी त्याचा संबंध नाही. चाईवर कांद्याच्या रसाचा प्रयोग बगदाद येथे झाला व २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनंतर रस लावलेल्या २३ रोग्यांपैकी २० जणांना केस आले. साधे पाणी लावलेल्या १५ जणांत हे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. निष्कर्ष उत्तेजक खरा. परंतु रोग्यांची संख्या लहान आहे, आणि कांद्याच्या वासामुळे कोणास काय लावले हे लपविणे अशक्यप्राय आहे. शिवाय चाईत मूळ जिवंत असते. तेव्हा हा निष्कर्ष पुरुषी टकलास लागू करता येत नाही. रोझमेरीचे तेल २ टक्के मिनॉक्सिडिलच्या तोडीचे असल्याचे २०१५ मधील १०० पुरुषांवरील एका प्रयोगावरून सांगितले जाते. त्या प्रयोगात निष्क्रिय द्रव्य लावलेला तिसरा गट नव्हता. म्हणून दोन्ही द्रव्ये सारखीच उपयोगी ठरली की सारखीच निरुपयोगी, याचा निर्णय त्यावरून होत नाही.

तुलना कशाशी करावी, हा प्रश्न जखमांच्या बाबतीतही उद्भवतो. सोलापूर येथे उथळ भाजलेल्या १०४ रोग्यांवर केलेला मधाचा प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. मध लावलेल्यांपैकी ८७ टक्के रोग्यांच्या जखमा १५ दिवसांत भरल्या. सिल्व्हर सल्फाडायाझिन लावलेल्या गटात हे प्रमाण १० टक्के होते. मधाची घनता, आम्लता व जंतुनाशक गुण यांमुळे त्याचा उपयोग समजण्याजोगा आहे. पण ज्या औषधाशी तुलना केली ते स्वतःच त्वचा झाकली जाण्यास विलंब लावते, असे पुढे दिसून आले. म्हणून दोन गटांतील सर्व अंतर मधाच्याच खात्यावर जमा करणे योग्य नाही. मुंबईत १९८५ च्या सुमारास उकडलेल्या बटाट्याच्या सालींची भाजलेल्या जखमेवर पट्टी म्हणून योजना झाली. तिचे मर्म १९६२ मधील विंटर यांच्या प्रयोगात सापडते. डुकरांच्या उथळ जखमा पातळ पटलाने झाकून ओलसर ठेवल्यास उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने त्या बाह्यत्वचेने झाकल्या जातात, असे त्यांनी दाखविले होते. सालीत गूढ औषधी शक्ती मानण्याची गरज नाही. ती स्वस्त आहे, ओल राखते व जखमेस चिकटत नाही. आणि गरीब रोग्यास एवढा गुणही मोलाचा आहे.

उंदरावरील प्रयोगातील फसगत

आता आरंभी उल्लेखिलेल्या पद्धतीकडे वळू. या कामात बहुधा सी-५७ ब्लॅक-६ जातीचे काळे उंदीर वापरतात. त्यांच्या धडावरील त्वचेत रंगद्रव्य केवळ वाढत्या पुटकांत असते. म्हणून विश्रांतिकालात कातडी गुलाबी व वृद्धिकालात करडी-काळी दिसते. सुमारे ७ आठवड्यांच्या वयात पाठीवरील पुटके एकाच वेळी विश्रांतिकालात असतात. त्या वेळी केस कापून अर्क लावला आणि कातडी लवकर काळी पडली, तर सिद्ध एवढेच होते की, पुढे अवश्य येणारा वृद्धिकाल काही दिवस अलीकडे आला. केस कापण्याऐवजी उपटले असतील, तर उपटण्यानेच वृद्धिकाल सुरू होतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विशिष्ट अंतराने २०० केस उपटल्यावर सुमारे १२०० पर्यंत केस आले; म्हणजे न उपटलेल्या शेजारच्या पुटकांतूनही आले. दाह करणारे कोणतेही द्रव्य असाच परिणाम घडवू शकते. शिवाय अशा उंदरास पुरुषी टक्कल नसतेच.

म्हणून या विषयावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने काही पथ्ये पाळावीत. अर्क ज्या तेलात मिसळला त्या नुसत्या तेलाचा स्वतंत्र गट असावा, आणि सौम्य दाहकाचाही एक गट ठेवावा. उंदरांचे वय व आवर्तनाची अवस्था नोंदवावी. मोजणी करणाऱ्यास गट कोणता हे ठाऊक नसावे. केसांची लांबी मोजून न थांबता त्वचेचे छेद घेऊन पुटकांची संख्या व अवस्था पाहावी. मनुष्यावरील प्रयोगात ठराविक जागेतील केस निदान सहा महिने मोजावेत आणि तिन्ही प्रकारांचे रोगी एकत्र मिसळू नयेत.

एवढे केल्यावर पुष्कळ वनस्पती कसोटीस उतरणार नाहीत, हे उघड आहे. परंतु ज्या उतरतील त्यांच्याविषयी काही निश्चित बोलता येईल. भाजलेल्या मुलाचा पिता किंवा विशीत केस गमावणारा तरुण आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्या त्वचेत मूळ उरले आहे काय आणि आपले औषध त्या मुळास काय करू शकते, या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे त्यास मिळावीत, एवढी अपेक्षा तो संशोधकाकडून निश्चितच करू शकतो.