बत्ती धरणाऱ्या हातासाठी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात नवा पोरगा आला, की त्याच्या हातात पहिल्या दिवशी पाना देत नाहीत, बत्ती देतात. वस्ताद गाडीखाली सरकतात आणि पोरगा बाजूला उकिडवा बसून बत्ती धरतो. 'इकडं नको, तिकडं धर', 'डोळ्यावर मारू नको', 'जरा खाली घे'. पहिले काही महिने त्याचे शिक्षण एवढेच. आणि ते शिक्षण किरकोळ नाही. उजेड कुठे हवा हे कळण्यासाठी आधी काम कुठे चालले आहे हे कळावे लागते.

मी कविता लिहिणारा माणूस. 'प्रकाश' हा शब्द आम्ही मंडळींनी वापरून वापरून गुळगुळीत केला आहे. गॅरेजात कुणी प्रकाश म्हणत नाही. तिथे 'उजेड' म्हणतात, नाहीतर सरळ 'बत्ती'. आज या हातातल्या बत्तीविषयीच बोलायचे आहे. ती कशी निवडावी आणि तिला वीज कुठून द्यावी? प्रश्न दिसतो साधा, पण गाडीखाली झोपलेल्या माणसाचा जीव त्याच्याशी बांधलेला आहे.

आपल्याकडची जुनी ओळखीची बत्ती म्हणजे हँडलॅम्प. लाकडी किंवा रबरी मूठ, पुढे ६० किंवा १०० वॅटचा बल्ब, त्यावर तारेची जाळी, टांगायला एक आकडा आणि मागे लांबलचक वायर. वायरचे दुसरे टोक भिंतीतल्या प्लगमध्ये. कधी त्याला टॉपही नसतो. दोन उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत काडेपेटीच्या काड्यांनी दाबलेल्या असतात. ही बत्ती स्वस्त आहे, कुठेही मिळते आणि तिच्यावर तीन-चार पिढ्यांनी कामे केली आहेत. पण तिच्या वायरमधून २३० व्होल्ट येतात आणि ते थेट हातापर्यंत येतात.

गाडीखालची जागा डोळ्यांसमोर आणा. खाली ओली फरशी किंवा माती. अंगाला घाम. पाठ जमिनीला टेकलेली, एक हात गाडीच्या लोखंडाला. हँडलॅम्पची वायर रोज ओढली जाते, चाकाखाली येते, ऑइलमध्ये भिजते, गरम सायलेन्सरला टेकते. एखाद्या दिवशी तिचे आवरण फाटते. कोरड्या कातडीचा विजेला बऱ्यापैकी विरोध असतो. घामाने भिजलेल्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या घरात उतरतो. २३० व्होल्टला हजाराने भागा, म्हणजे २३० मिलीअँपिअर. दहाएक मिलीअँपिअरलाच माणसाची मूठ आवळली जाते आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. छातीतून त्याच्या कित्येक पट प्रवाह गेला तर हृदयाची लय बिघडायला फार वेळ लागत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीला मात्र कातडी सहसा दादच देत नाही. गाडीच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना मेकॅनिक बिनधास्त हात लावतो, तो त्यामुळेच.

कायद्याला हे फार पूर्वी कळले होते. १९४८च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली कलम ३६-अ घालण्यात आले. टाकी, खड्डा, पाइप अशा कोंदट जागेत पुरेशी सुरक्षा साधने नसतील, तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातातला दिवा वापरू नये, असे त्यात म्हटले होते. ज्वालाग्राही वायू असण्याची शक्यता असेल तिथे ज्वालारोधक दिव्याशिवाय दुसरा दिवा नको, असेही होते. तो कायदा कारखान्यांसाठी होता. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडपर्यंत कायदा क्वचितच पोचतो. पण वीज शेड आणि कारखाना असा भेद करीत नाही.

आता कुणी म्हणेल, बल्बला जाळी आहे ना? या जाळीविषयी एक मोठा गैरसमज आहे. १८१५ साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने कोळशाच्या खाणीसाठी दिवा तयार केला. ज्योतीभोवती तारेची अतिशय बारीक जाळी. आत शिरलेला वायू पेटला तरी ती जाळी उष्णता शोषून घेई आणि ज्वाला बाहेर जात नसे. हँडलॅम्पची जाळी त्या जातीची नाही. तिच्या भोकांतून बोट जाते. ती बल्बला ठोकर लागू नये म्हणून आहे, आग अडवण्यासाठी नाही. तापलेल्या बल्बवर पाण्याचा किंवा पेट्रोलचा एक थेंब पडला तरी काच तडकू शकते, आणि आतली लालबुंद तार उघडी पडते. शेजारी पेट्रोलची वाफ असेल तर पुढचे सांगायला नको.

ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते, जमिनीवरून पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात, म्हणजे पिटमध्ये, साचून राहते. एल.पी.जी.चेही तसेच. सी.एन.जी. उलट हलका, तो वर चढतो आणि छताखाली अडकतो. म्हणून पेट्रोलचा पाइप किंवा टाकी खोलायची असेल तर गाडी उघड्यावर घ्यावी. वास आला तर कुठलीच बत्ती लावू नये आणि लागलेली तिथे विझवूही नये, कारण बटणाची ठिणगीसुद्धा पुरते. आधी माणसे बाहेर, मग हवा मोकळी, मग काम. एल.ई.डी.ची बत्ती थंड असते हे खरे. पण थंड असणे वेगळे आणि ज्वालारोधक असणे वेगळे.

मग बत्तीला वीज द्यायची कुठून? एक वाट गाडीतच आहे. राज्यात २००५ नंतर काही वर्षे भारनियमनाने गॅरेजवाल्यांना रडकुंडीला आणले होते. त्या काळात अनेकांनी बॅटरीवरचा दिवा जवळ केला. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, पाच-सहा मीटर वायर आणि टोकाला दोन चिमटे. झाली बत्ती. तिचा हिशेब सोपा आहे. २१ भागिले १२, म्हणजे पावणेदोन अँपिअर. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते. त्यातला एक तृतीयांश भागच बत्तीसाठी वापरायचा, कारण नंतर गाडी सुरू करताना स्टार्टरला क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर लागतात. एक तृतीयांश म्हणजे साधारण १२. पावणेदोनने भागले तर जवळजवळ सात तास. त्याच जागी १० वॅटची एल.ई.डी. लावली तर उजेड दुपटीहून अधिक आणि वेळ चौदा तास. बॅटरी जुनी असेल तर हे आकडे निम्मे धरा.

या बत्तीचा शॉक बसत नाही, पण ती आग लावू शकते. वायर कुठे चिमटली आणि दोन तारा एकमेकींना टेकल्या, तर बॅटरी एका झटक्यात शेकडो अँपिअर सोडते आणि वायर लालभडक होते. म्हणून धन टोकाच्या चिमट्याजवळच पाच अँपिअरचा फ्यूज हवा. दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे, पण घरी बनवलेल्या बहुतेक बत्त्यांमध्ये ती नसते. चिमटे लावण्याचा क्रमही लक्षात ठेवा. बत्तीचे बटण बंद ठेवून आधी धन चिमटा बॅटरीला, मग ऋण चिमटा बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला. काढताना उलट. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. ठिणगी पडायचीच असेल तर ती त्याच्यापासून लांब पडलेली बरी. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तिथे २४ व्होल्टचीच बत्ती लावावी. एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट चोरले, तर ती बॅटरी दुसरीच्या मागे पडते आणि दोन्ही लवकर खराब होतात.

दुसरी वाट म्हणजे स्वतःची बॅटरी पोटात असलेली चार्जिंगची एल.ई.डी. बत्ती. गाडीचे वायरिंग उघडताना बॅटरीचे टोक काढावेच लागते. अशा वेळी हीच सोयीची. हातात वायर नाही, उष्णता नाही, शॉक नाही. आज घरच्या माणसाने घ्यायची तर मी हीच घ्यावी म्हणेन. मात्र खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये.

उजेड लुमेनमध्ये मोजतात. चांगली एल.ई.डी. एका वॅटला शंभरएक लुमेन देते. आता एखाद्या मुठीएवढ्या बत्तीवर १०,००० लुमेन लिहिले असेल तर तिला १०० वॅट लागतील. आत काय असते? बहुधा बोटाएवढा लिथियमचा एक सेल, २६०० मिलीअँपिअर-अवरचा. २.६ गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे साडेनऊ वॅट-अवरच्या आसपास. १०० वॅटने तो सहा मिनिटांत रिकामा होईल. म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा. तोच सेल ५ वॅटची बत्ती दोन तासांना थोडे कमी चालवील आणि पाचशेएक लुमेन देईल. बॉनेटखालच्या कामाला तेवढे भरपूर होतात. दुकानात हा एक भागाकार केला तरी निम्मी फसवणूक टळते.

आणि खरे सांगायचे तर जास्त लुमेनपेक्षा जवळची बत्ती बरी. लहान दिवा कामापासून निम्म्या अंतरावर आणला तर कामावरचा उजेड दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून बत्तीला लोहचुंबक, आकडा आणि वळणारी मान हवी. काम करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत. झोत टाकणारी विजेरी लांबचे शोधायला ठीक. जवळच्या कामाला पसरट, दुधी काचेचा उजेड हवा. एका मोठ्या दिव्यापेक्षा दोन बाजूंनी लावलेले दोन लहान दिवे केव्हाही सरस, कारण एकाची सावली दुसरा पुसतो. डोक्याला बांधायचा दिवाही उत्तम. नजर जाईल तिथे उजेड जातो.

रंगांचीही गोष्ट आहे. पांढरी एल.ई.डी. मुळात निळी असते; तिच्यावरच्या पिवळसर लेपामुळे ती पांढरी दिसते. ही निळी एल.ई.डी. तयार करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वस्त दिव्याच्या उजेडात लाल रंग कमी असतो. त्यामुळे तांबडी, तपकिरी आणि नारिंगी वायर सारख्याच दिसू लागतात. एरवी त्यामुळे फार तर चुकीचा दिवा लागेल. पण विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्यांत उच्च दाबाच्या केबल नारिंगी असतात. तिथे रंगाची गफलत परवडत नाही. खोक्यावर सी.आर.आय. असे लिहून आकडा दिलेला असतो. तो ८०च्या खाली नको. ९० असेल तर वायरिंगच्या कामाला उत्तम.

भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या काही ट्यूब आणि हलक्या एल.ई.डी. सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही. पण फिरणारा पट्टा किंवा पंखा त्या तालाशी जुळला तर तो चक्क थांबल्यासारखा दिसतो. इग्निशनचे टायमिंग पाहायला मेकॅनिक याच गुणाचा मुद्दाम उपयोग करीत. एरवी मात्र हा उजेडाचा चकवा आहे. थांबलेला दिसतो म्हणून बोट पुढे करू नका. इंजिन चालू असेल तर हात लांबच.

लिथियमची बत्ती उन्हात बंद गाडीच्या काचेजवळ ठेवू नये, तापलेल्या इंजिनावर विसरू नये आणि सेल फुगलेला दिसला की चार्जिंगला लावू नये. डिकीत ठेवली असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करावी. रात्री रस्त्यात चाक बदलायची वेळ आली, तर झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जाऊ देऊ नये. आणि बत्ती कितीही चांगली असली तरी नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

ज्यांना भिंतीतल्या विजेवाचून चालतच नाही, त्यांनी निदान दोन गोष्टी कराव्यात. हातातल्या दिव्यासाठी २४ किंवा १२ व्होल्टचा वेगळ्या गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर बसवावा आणि तो खड्ड्याबाहेर ठेवावा. आणि मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा गळती-रोधक स्विच लावावा. वीज अंगातून जमिनीकडे जाऊ लागली की तो क्षणार्धात ती तोडतो. त्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आपण गाडी दुरुस्तीला देतो तेव्हा बिल पाहतो, पार्ट पाहतो, तारीख पाहतो. पुढच्या वेळी त्या बत्तीकडेही एकदा पाहा. वायरला चिकटपट्टीचे जोड असतील, सॉकेटमध्ये काड्या खोचलेल्या असतील, तर वस्तादांशी दोन शब्द बोला. आपल्याच गाडीखाली तो पोरगा झोपणार असतो.